पेन्शनीच्या आधीचं एक वर्ष

खटाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. २४ वर्षं भरून पुढच्या जूनअखेर पेन्शनीवर घरी येतील, तेव्हा त्यांचं वय ४३ असेल. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. सासूबाईंना शुगर आणि गुडघेदुखी. पल्टनीतला एक जुना सोबती पुण्यात सिक्युरिटीत आहे, तो ‘लगेच ये, जागा धरून ठेवतो’ म्हणतोय. ताई विचारतात: सरकारी नोकरी मिळते का, की पुणं धरायचं? मुलीच्या शिक्षणाला काही आधार आहे का? चुलत सासरे सात वर्षांतच फौजेतून आले, पेन्शन नाही, सत्तरी ओलांडली. त्यांच्यासाठी काही करता येईल का? आणि शेवटची ओळ: ‘यात मी काय करू शकते?’

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा कल्याण संघटक म्हणून सातारा जिल्ह्यातले तालुके फिरलो. पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांपासून माणच्या माळापर्यंत किती घरांच्या सोप्यात बसून कागद चाळले, त्याचा हिशेब नाही. फौजी घरी आल्यावर जे काम अडतं, ते बहुतेक वेळा तो यायच्या आधीच अडून बसलेलं असतं. आणि घरात राहणाऱ्या बाईला ते आधी दिसू शकतं, पण फौजीचे कागद असतात त्या काळ्या पेटीची किल्ली तिच्याकडे नसते.

माझ्या आईचं सांगतो. तिचं माहेरचं नाव हौसा. लग्नात सासरचं नाव ठेवलं पार्वती, आपल्याकडे तेव्हा पद्धतच होती. वडिलांनी सुट्टी संपवून पल्टनीत परत गेल्यावर क्लार्कला बायकोचं नाव सांगितलं ते हौसा. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, मतदारयादीत ती पार्वती. वडील १९८४ साली गेले, तेव्हा मी सीमेवर होतो. आईच्या कुटुंब पेन्शनीसाठी या दोन बाया एकच आहेत हे सिद्ध करायला तीन वर्षं लागली. सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा पंचनामा, प्रतिज्ञापत्र, आणि प्रत्येक वेळी एखादा कागद कमी निघून पाकीट परत. मी मनीऑर्डर पाठवत होतो, पोटाला कमी पडलं नाही. पण ‘त्यांची बायको तुम्ही नव्हेच’ असं उत्तर कागदावर पुन्हा पुन्हा वाचून घेताना तिला काय वाटलं असेल, ते मी आजही विसरलेलो नाही. नंतर कल्याण संघटकाचं काम मी का घेतलं, त्याचं कारण हेच आहे.

म्हणून तुमचं पहिलं काम हे: यजमान पुढच्या सुट्टीवर येतील तेव्हा पेटी दोघांनी मिळून उघडा. लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरातली अशी गोष्ट सेवेच्या नोंदीत चढवणारी पल्टनीची लेखी ऑर्डर, निघालेली आहे का, ते त्यांना विचारा. नुसतं ‘कंपनीत सांगितलं होतं’ पुरत नाही, ऑर्डरचा नंबर आणि तारीख हवी. मग तुमचं नाव बघा. आधार, पॅन, बँक पासबुक, लग्नाचा दाखला आणि पल्टनीतली नोंद, या पाचही ठिकाणी अक्षरनअक्षर सारखं पाहिजे. ‘मंगल’ आणि ‘मंगला’ ही संगणकाला दोन माणसं वाटतात. जन्मतारखेचंही तेच. आपल्या भागात शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लिहिली आहे आणि आधार काढताना भलतीच सांगितली गेली आहे. नोकरीत असताना ही दुरुस्ती कंपनी क्लार्ककडून रेकॉर्ड ऑफिसपर्यंत, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयापर्यंत, सरळ जाते. पेन्शनीवर आल्यावर तेच काम टपालाचं आणि हेलपाट्यांचं होतं. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, वडूजहून तिथे जाऊन यायला एक दिवस मोडतोच.

आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. त्यात यजमानांच्या खात्याबरोबर तुमचंही आधार, पॅन, फोटो जोडलेलं असतं. पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर घरात तुम्हालाही माहीत पाहिजे. पेन्शनचं बँक खातं दोघांच्या नावे, कुणीही एक चालवू शकेल असं उघडा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पेन्शन थांबते. गावातल्या सेवा केंद्रात बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर तो पाच मिनिटांत होतो.

एक गोष्ट अशुभ बोलू नये म्हणून घरात निघत नाही, ती मी सांगतो, कारण सांगणाऱ्याला वय झाल्यावर ते चालतं. निवृत्तीनंतर जवानाचं काही बरंवाईट झालं तर पत्नीला साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळते. मृत्यूनंतर सात वर्षांपर्यंत, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर ती ५० टक्क्यांनी मिळते. मृत्यू सेवेमुळे झाला असं मान्य झालं तर विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के, आणि लढाईत वीरमरण आलं तर उदारीकृत पेन्शन पूर्ण पगाराइतकी. हे आकडे आपल्या घरातल्या बायकांना आधी माहीत नसतात आणि दुःखाच्या दिवसात कुणीतरी तिसराच येऊन ‘इतकंच मिळतं’ म्हणून सांगतो. सातारा तालुक्यात पोगरवाडी आहे. तिथले कर्नल संतोष महाडिक २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून २०१७ साली स्वतः लष्करी अधिकारी झाल्या. शहिदांच्या पत्नींना त्या भरतीत वयाची सवलत ३५ वर्षांपर्यंत आहे. हा नियम ठाऊक असलेली बाई मला क्वचितच एखाद्या वाडीत भेटली.

आता नोकरी. तुमचा मोठा प्रश्न हाच आहे.

महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे. हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे खुला, इतर मागास, अनुसूचित जाती अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत माजी सैनिकांच्या वेगळ्या जागा असतात. त्यामुळे जातीचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर हे कागद फौजीलाही लागतात. २४ वर्षं जात विचारायची वेळ आली नाही म्हणून आपले लोक हे दाखले काढत नाहीत आणि कागदपत्र तपासणीच्या दिवशी धावाधाव करतात. केंद्र सरकारच्या गट क मध्ये १० टक्के जागा आहेत. सरकारी बँका आणि सार्वजनिक कंपन्यांत गट क मध्ये साडेचौदा टक्के आणि गट ड मध्ये साडेचोवीस टक्के, पण त्यातले साडेचार टक्के जखमी होऊन अपंगत्व आलेल्या जवानांसाठी आणि शहिदांच्या वारसांसाठी राखलेले आहेत. गावात एक गैरसमज पक्का बसलाय की माजी सैनिकाच्या मुलालाही नोकरीत कोटा असतो. तसा तो नसतो. शहीद किंवा अपंग जवानाच्या घरच्यांपुरताच हा मार्ग आहे.

वयाची काळजी करू नका. केंद्राच्या नियमात खऱ्या वयातून फौजेतली वर्षं वजा करतात, आणि जे उरेल ते पदाच्या वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसलं की झालं. तुमच्या यजमानांचं ४३ वजा २४, म्हणजे १९. कागदावर ते एकोणीस वर्षांचे आहेत. राज्यातही सेवेचा काळ अधिक तीन वर्षं अशी सवलत आहे.

शिक्षणाचं पण तसंच आहे. दहावी झालेला आणि १५ वर्षं सेवा केलेला जवान, पदवी मागणाऱ्या गट क च्या बिगर-तांत्रिक पदांना पात्र धरला जातो. प्रत्येक जाहिरातीत ही ओळ कशी लिहिली आहे ते नीट वाचायचं. त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसकडून मिळणारं पदवी-समकक्षतेचं प्रमाणपत्र डिस्चार्जच्या कागदांबरोबरच मागून घ्या, मागाहून पत्र लिहून मागवण्यात महिने जातात.

आणि आता वेळेबद्दल. सेवेची मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून जवानाला केंद्राच्या भरतीत माजी सैनिक म्हणून अर्ज करता येतो. म्हणजे तुमच्या यजमानांचं ते वर्ष चालू झालेलं आहे किंवा होण्यात आहे. बहुतेक जण म्हणतात, आधी घरी येऊ दे, मग बघू. तोवर दोन-तीन जाहिराती निघून जातात आणि पुढची कधी येईल ते सांगता येत नाही.

परीक्षा मात्र द्यावी लागते. पदकं आणि सेवा बघून कुणी हाताला धरून खुर्चीवर बसवत नाही. तलाठी, जिल्हा परिषद, बँक क्लार्क, सगळीकडे मराठी व्याकरण, इंग्रजी, अंकगणित आणि सामान्यज्ञान येतं. फौजी म्हणतो, पोरांबरोबर मी कुठे टिकणार? पण त्याची स्पर्धा त्या पोरांशी नाही, इतर माजी सैनिकांशी आहे. माजी सैनिकांच्या जागा उमेदवार न मिळाल्यानं इतरांना जाताना मी स्वतः पाहिल्या आहेत. एक वर्ष रोज दोन तास शेकडेवारी, काळ-काम-वेग आणि मराठीतल्या समास-प्रयोगांना दिले तर ४३ व्या वर्षीही हे जमतं. जिहे-कठापूरच्या बाजूचा नाईक हुद्द्याचा एक जवान बर्फात असताना मोबाइलवर गणितं सोडवायचा, सुट्टीत साताऱ्याच्या अभ्यासिकेत बसायचा. निवृत्तीनंतर नऊ महिन्यांनी तो बँकेत लागला. तुमची मुलगी बारावीला आहे. बापलेकींनी एकाच टेबलावर अभ्यास केला तर मला आनंद होईल.

एक खाचखळगा इथेच सांगतो, कारण यात मी एका चांगल्या माणसाचं नुकसान होताना पाहिलं. केंद्राच्या नियमांप्रमाणे माजी सैनिकाच्या आरक्षणातून एकदा नोकरी लागली की तो लाभ संपतो. सूट एकच आहे. पहिल्या नोकरीत हजर होताना, त्याआधी आपण कुठेकुठे अर्ज केले आहेत त्याची तारखेसह यादी त्या कार्यालयाला लेखी द्यायची. यादीत असलेल्या पुढच्या जागेसाठी आरक्षण टिकतं. कोरेगाव तालुक्यातला एक जण आधी शिपाई म्हणून लागला. तीन महिन्यांनी क्लार्कच्या परीक्षेचा निकाल आला, तो पास. पण यादी दिलेली नव्हती, कुणी सांगितलंच नव्हतं. निवड रद्द झाली. अर्ज केल्याबरोबर एका वहीत ओळ लिहीत जा: तारीख, पद, अर्ज क्रमांक. ही वही तुम्ही ठेवा.

नोकरी लागली तर पेन्शन बंद होते का, हा प्रश्न मला दर मेळाव्यात विचारतात. नाही होत. जवानांच्या बाबतीत दोन्ही चालू राहतात.

आता पुण्याच्या सोबत्याकडे येऊ. सिक्युरिटीचं काम वाईट नाही, हजारो फौजी बांधवांनी त्यावर मुलं शिकवली. पण सगळ्या एजन्सी सारख्या नसतात. राज्य शासनाचं माजी सैनिक महामंडळ आहे, त्याला मेस्को म्हणतात. तिथून सरकारी आस्थापनांवर गार्ड आणि सुपरवायझर नेमले जातात. दुसरं, दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीवरच्या एजन्सी, ज्यांत ९० टक्के गार्ड माजी सैनिक असावे लागतात. लष्कराची स्वतःची प्लेसमेंट संस्थाही आहे, तिच्याकडे नोकरीत असतानाच नाव नोंदवता येतं. या तीन जागा आधी बघा. सोबत्यानं सांगितलेली एजन्सी असेल तर चार गोष्टी विचारा. पीएफचा नंबर मिळणार का? पाळी आठ तासांची की बाराची? आठवड्याची सुट्टी पगारी की बिनपगारी? राहायचं कुठे? हडपसर किंवा चाकणमध्ये चौघांत एक खोली घेऊन बारा तास उभं राहायचं, महिन्यातून एकदा घरी यायचं, तर फौज आणि यात फरक काय राहिला? घरापासून एसटीच्या अंतरावर शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत आणि सातारा एमआयडीसीत मागणी असते. पगार थोडा कमी असला तरी घरी झोपायला मिळतं.

डिफेन्स सिक्युरिटी कोअरचाही रस्ता आहे, पुन्हा वर्दी घालून शस्त्रागारं आणि लष्करी आस्थापनांची राखण. मेडिकल कॅटेगरी चांगली असेल तर घेतात. पण पोस्टिंग कुठेही निघतं. मुलं मोठ्या वर्गात असताना मी कुणाला तो सहजासहजी सुचवत नाही.

स्वतःचं काही करायचं मनात असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात धरले जातात. ग्रामीण भागात प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून होतो. यात माझं मत स्पष्ट आहे: ज्या धंद्यात आधी सहा महिने दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेलं नाही, त्यात पैसे घालू नये. नोकरीत असताना शेवटच्या काळात लष्कर पुनर्वसनाचे कोर्स करवतं, जवानाला त्याची फी पडत नाही. फायर सेफ्टी, गोदाम व्यवस्थापन, अकाउंटिंग असे. पल्टनीला माणूस सोडणं जड जातं म्हणून अर्ज मागे राहतात. यजमानांनी आताच नाव दिलं पाहिजे.

आता पैशाबद्दल, थोडं मोठ्या भावाच्या अधिकारानं. ग्रॅच्युइटी, फंड, विम्याची रक्कम, शिल्लक रजेचे पैसे आणि पेन्शन विकली तर त्याची रक्कम, असं सगळं मिळून आयुष्यात पहिल्यांदा इतका मोठा आकडा खात्यावर दिसतो. पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकता येतो, म्हणजे त्याचे पैसे आधीच एकरकमी घेता येतात, तो १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. महागाई भत्ता मात्र पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो. घराचं किंवा मुलीच्या शिक्षणाचं ठरलेलं कारण असेल तर जरूर विका. नुसतं ‘सगळे विकतात’ म्हणून नको. आणि पहिल्या सहा महिन्यांत घरी येणाऱ्या पाहुण्यांत कुणीतरी दामदुपटीची योजना घेऊन येईलच. साताऱ्यात, कराडात असे किती फौजी नागवले गेले ते मी बघितलंय. त्यात कुणी परका नव्हता. मेहुणा, वर्गमित्र, स्वतः फसलेला दुसरा फौजीच होता. एक वर्ष पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव करा आणि ‘रक्कम अडकलीय’ म्हणून सगळ्यांना सांगा.

मुलीचं बारावीचं वर्ष आणि बापाची निवृत्ती एकाच उन्हाळ्यात येतेय, हे तुमच्या फायद्याचं आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे. मुलींना महिन्याला ३,००० रुपये, मुलांना २,५००, आणि रक्कम वर्षाची एकदम खात्यावर येते. अटी दोन लक्षात ठेवा. बारावीला किमान ६० टक्के हवेत, आणि अभ्यासक्रम व्यावसायिक हवा: इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, बीबीए, बीसीए असे. साध्या बीए, बीकॉमला ती लागू नाही. अर्ज फक्त पहिल्या वर्षाला असताना करायचा असतो, दुसऱ्या वर्षी आठवण येऊन उपयोग नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात संरक्षण दलातल्यांच्या मुलांना ५ टक्के जागा आहेत. त्यासाठी वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. ज्या माणसानं २४ वर्षं काश्मीर, आसाम आणि राजस्थानात काढली त्याला ‘तुम्ही महाराष्ट्रात राहता कशावरून’ असं विचारलं जातं, म्हणून त्यांचा इथला जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला हाताशी ठेवून तहसीलमधून अधिवास आताच काढून घ्या. मुलीला साताऱ्यात किंवा कराडात ठेवायची असेल तर सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहं आहेत, निकाल लागल्याबरोबर चौकशी करा.

मुलगा आठवीत आहे, त्याच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं शैक्षणिक साहाय्य आहे. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत, पदवीपर्यंत. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दर मुलामागे महिना २,००० रुपये झालेत, आधी १,००० होते. एकाच मुलासाठी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. मुलीच्या लग्नाचं साहाय्यही त्याच तारखेपासून ५० हजारांवरून एक लाख झालं, पण लग्नानंतर १८० दिवसांच्या आत अर्ज लागतो. ही तारीख चुकवलेले बाप मी पाहिले आहेत, लग्नाच्या धावपळीत कुणाला सुचत नाही.

सासूबाईंसाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. हवालदारासाठी एकदाच ३०,००० रुपये वर्गणी कापली जाते आणि पुढे नवरा-बायकोला आयुष्यभर, मुलाला २५ वर्षांपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत, मुलीला लग्न किंवा नोकरीपर्यंत उपचार मिळतात. आई अवलंबून धरली जाते, जर तिचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल तर. त्यांचं नाव पल्टनीत आताच अवलंबितांमध्ये लागलंय का ते बघा. साताऱ्यात या योजनेचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक आहे, शुगरची औषधं तिथून मिळतील. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तर पॉलिक्लिनिकच यादीवरच्या रुग्णालयाला पाठवतं. तातडीच्या वेळी जवळच्या कोणत्याही दवाखान्यात न्या, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. बिल नाकारलं जाण्याचं सगळ्यात मोठं कारण न कळवणं हेच माझ्या पाहण्यात आलं.

चुलत सासऱ्यांचं काम मला सगळ्यात आधी व्हावंसं वाटतं, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह साहाय्य मिळतं. पूर्वी ४,००० होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना ८,००० रुपये. सात वर्षांत ते कसे सुटले, हे डिस्चार्ज बुकमध्ये लिहिलेलं असतं, ते कारण आधी बघावं लागेल. बुक हरवलं असेल तरी निराश होऊ नका. आर्मी नंबर आठवत असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून तपशील मागवता येतो. बऱ्याच म्हाताऱ्यांना बायकोचं वय आठवत नाही, पण आर्मी नंबर झोपेतून उठवलं तरी सांगतात.

निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिक ओळखपत्र काढायचं. तिथूनच मिळालेल्या दाखल्यावर राहत्या एका घराची घरपट्टी माफ होते, राज्याची ही योजना २०२० पासून आहे. भावकीत बांधाचा वाद असेल तर यजमान वर्दीत आहेत तोवर कमांडिंग ऑफिसरचं पत्र आणि १९२५ च्या सैनिक खटला कायद्याचं संरक्षण आहे, ते आधी वापरा. निवृत्तीनंतरही सैनिक कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत आहे, २०२५ च्या जुलैपासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहायता योजना सैनिक बोर्डांमार्फतच चालते.

(गावातली जी मुलं २०२२ नंतर अग्निवीर म्हणून गेली, त्यांना वरचं बरंचसं लागू होत नाही. चार वर्षांनी त्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांच्या आयांनी हे उत्तर आपलं समजून वाचू नये, त्यांच्यासाठी केंद्रीय पोलीस दलांतल्या राखीव जागांची वेगळी माहिती घ्यावी.)

एक गोष्ट कोणत्याही अर्जात बसत नाही. २४ वर्षं हा माणूस घरात सुट्टीपुरता पाहुणा होता. शेत, आजारपण, मुलांची शाळा, भावकी, सगळं तुम्ही चालवलंत. आता तो कायमचा येईल, पहाटे साडेचारला उठेल, चपला ओळीत का नाहीत म्हणून मुलांवर ओरडेल, आणि दहा वाजेपर्यंत त्याला करायला काही उरणार नाही. पहिले तीन-चार महिने पुष्कळ घरांत कडाक्याची भांडणं होतात. माझ्याही घरी झाली. कँटीनच्या बाटल्या याच दिवसांत वाढतात, आणि बाई लाजेनं कुणाला सांगत नाही. लाजू नका. पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांना सांगा, त्यावर तिथून उपचार होतात. घरातला एखादा कारभार आल्याबरोबर पूर्णपणे त्यांच्या हातात द्या, पाण्याच्या पाळीचा किंवा म्हशींचा, आणि त्यात बोलू नका. परीक्षेचा अभ्यास चालू असेल तर दिवसाला आकार राहतो, मी त्याचा एवढा आग्रह धरतो त्याचं हेही कारण आहे.

अपशिंगे गाव तुम्हाला माहीत असेलच, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावालाच मिलिटरी जोडलं गेलं. तिथल्या एका आजींनी मला पत्र्याचा डबा दाखवला होता. सासऱ्यांचे, नवऱ्याचे, मुलाचे कागद वेगवेगळ्या फडक्यांत बांधलेले. ‘लग्न होऊन आले तेव्हा सासूनं दागिन्यांच्या आधी हा डबा हातात दिला,’ म्हणाल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या फडक्यात काय आहे ते पाठ होतं.

तुमचे यजमान सुट्टीवर येतील त्या आठवड्यात एखाद्या मंगळवारी-बुधवारी दोघंही साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या, सोमवारी गर्दी असते. चुलत सासऱ्यांनाही घेऊन या. यजमानांचं सेवेचं ओळखपत्र, पार्ट टू ऑर्डरचे नंबर, तुमचं आणि मुलांचं आधार-पॅन, मुलांच्या जन्माचे दाखले, जॉइंट खात्याचं पासबुक, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. सासूबाईंचं आधारही आणा. त्यांचीही जन्मतारीख बहुतेक १ जूनच असेल. असू दे, फक्त पल्टनीतल्या नोंदीतही तीच आहे ना, ते निघण्याआधी बघून घ्या.